मदत हवी आहे: पावत्यांच्या पाठीवर लिहिलेल्या नोंदी कशा जपाव्यात?

नमस्कार. रोजच्या आयुष्यात सहज नजरेस पडलेल्या बारीकसारीक गोष्टी खिशातल्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर टिपून ठेवण्याची मला बऱ्याच वर्षांची सवय आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी उतरण्यापूर्वी खिडकीची काच स्वतःच्या रुमालाने पुसली, अशा त्या साध्या नोंदी. पण मला त्या फार मोलाच्या वाटतात. वेगळी तारीख मी कधी घातली नाही, कारण पुढच्या बाजूला दिवस आणि वेळ छापलेली असतेच.

परवा डबा उघडला, तेव्हा कित्येक पावत्यांची छापील बाजू जवळजवळ कोरी झालेली दिसली. माझे बॉलपेनचे अक्षर मात्र शाबूत आहे. या थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने काळ्या पडणाऱ्या लेपावर अक्षरे उमटतात आणि ऊन, उष्णता किंवा हाताचे तेल लागून ती विरत जातात, एवढे मला ठाऊक आहे. म्हणूनच लॅमिनेशनचा विचार मी सोडून दिला, कारण त्या उष्णतेने सगळा कागदच काळवंडेल.

जोवर उरलेल्या तारखा वाचता येतात, तोवर त्यांचे फोटो काढून ठेवीत आहे. मात्र पुसट झालेला मजकूर स्कॅन करून, कॉन्ट्रास्ट वाढवून वाचता येतो का, हे कोणी स्वतः करून पाहिले आहे का? आणि ज्यांची तारीख कायमची गेली, त्या नोंदी वहीत उतरवताना कोणत्या क्रमाने लावाव्यात? अंदाजाने तारीख घालणे माझ्या मनाला पटत नाही. अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.