वरच्या काकूंचा शिरा आणि करिंथकरांस पत्र

खैरण्याची_सून
आम्ही ख्रिस्ती, कोपरखैरण्यात राहतो. सातव्या महिन्यात मला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तीन आठवडे डबा वरच्या काकूंचा. गेल्या रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. द्रोणात शिरा, वर तुळशीचं पान. "प्रसाद आहे गं," म्हणाल्या. मी घेतला, ओट्यावर ठेवला. ना खाल्ला, ना टाकला. रात्री मुंग्या लागल्या.
आमच्या मंडळीतले तरुण संघाचे पुढारी म्हणतात, बायबलमधलं २ करिंथ ६:१४ वाच (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र), विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. वर १ करिंथ १५:३३, कुसंगतीने नीती बिघडते. पण त्याच पहिल्या पत्रात १०:२७ ला लिहिलंय, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. प्रभू येशू तर मत्तयाच्या घरी, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीला बसला. मग मी धरायचं काय?

नगरकडचा_म्हातारा
सूनबाई, आधी १ करिंथ ५:९-११ वाच. हा घोळ करिंथकरांनीही घातला होता. पौल म्हणतो, संगत धरू नका असं मी लिहिलं ते जगातल्या लोकांबद्दल नव्हे, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. जेवूही नका म्हणतो ते भाऊ म्हणवून घेऊन जारकर्म नि लोभ करणाऱ्याबरोबर. आपण नेमकं उलटं करतो. मंडळीतला लबाड पहिल्या बाकावर, आणि काकूंचा द्रोण ओट्यावर.
आता विजोड. हा शब्द शेतातला. वडिलांनी एकदा आमच्या थोराड बैलाशेजारी चुलत्याचा गोऱ्हा जुंपला होता. तासं सगळी तिरपी, आणि संध्याकाळी गोऱ्ह्याच्या खांद्यावर मुठीएवढी सूज. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २२:१० मध्येही तेच, बैल नि गाढव एका नांगराला जुंपू नका. लग्न, भागीदारीचा धंदा, याला मी जू म्हणेन. वाटीभर शिऱ्याला नाही.

ऐरोलीचा_जॉन
काका, सूनबाईंच्या १०:२७ च्या पुढचीच ओळ गाळलीत. १०:२८: कुणी सांगितलं की हे मूर्तीपुढे ठेवलेलं आहे, तर खाऊ नका, सांगणाऱ्यासाठी. काकूंनी तर तोंडाने सांगितलंय. म्हणजे शिरा नको, काकू हव्यात. दोन्ही एकाच अध्यायात आहे, भांडण कुठे आहे?
आणि कुसंगतीची ओळ मेनांदर नावाच्या ग्रीक नाटककाराची समजतात. बाहेरच्यांपासून लांब राहा म्हणून तीच ओळ फेकून मारायची म्हणजे गंमतच. त्या अध्यायात पौलाचा वाद चाललाय तो मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही म्हणणाऱ्यांशी, आणि ते मंडळीतलेच होते.

नगरकडचा_म्हातारा
बरोबर, २८ मी विसरलो. पण सूनबाई, गुपचूप घेऊन मुंग्यांना घालू नकोस. त्यापेक्षा तोंडावर सांग.

खैरण्याची_सून
सांगितलं. जिन्यातच, बाळ कडेवर. घाम फुटला होता. काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "अगं, आधी बोलायचंस ना, मी दुसरा टोप टाकला असता."
आज संध्याकाळी स्टीलच्या डब्यात शिरा आलाय. "हा नुसता शिरा हो. केळं नाही घातलेलं, बघ," हे दोनदा सांगून गेल्या. बाळालाही बोटभर चाटवला.