लहानपणी मार खाल्ला म्हणून पन्नाशीत हार्ट अटॅक? मला तरी पटत नाही

शिवाजीपेठकर: एका डॉक्टर मित्रानं परवा ऐकवलं, की घरात मारहाण, बापाची दारू असलं लहानपणी ज्याच्या वाट्याला जास्त आलं त्याला पुढं हार्टचा, लिव्हरचा धोका जास्त, अमेरिकेत १९९८ ला अभ्यास झालाय म्हणे. आमच्या पिढीत बापाचा पट्टा न खाल्लेलं पोरगं दाखवा की. शाळेत छडी, तालमीत वस्तादाचा हात, तरी सत्तरीची माणसं सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारत्यात. आजार येतो तंबाखूनं, खाण्यानं, बसून राहिल्यानं. उगं आईबापावर कशाला ढकलायचं?

नाईटड्युटी: दादा, रंकाळ्यावर फिरणारे तेवढे दिसतात, जे पन्नाशीत गेले ते कुठनं दिसणार? आणि तंबाखूचं, खाण्याचंच बोलायचं तर फेलिट्टी नावाचे डॉक्टर सॅन दिएगोत वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे, चांगलं वजन उतरत असताना लोक मधेच सोडून जायला लागले, खोदून विचारलं तर कित्येकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले निघाले. त्यातनंच पुढं अँडा नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या सोबत तुम्ही म्हणताय तो साडेनऊ हजार लोकांचा अभ्यास झाला. असल्या त्रासाचे चार किंवा जास्त प्रकार लहानपणी भोगलेल्यांना दारूचं व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट. म्हणजे व्यसनानं आजार येतो हे तुमचं खरंच, पण व्यसन लागलं कशानं?

ऊसपट्टा: ४ ते १२ पट ऐकून लोक घाबरतात ओ. त्या अभ्यासातली माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, विमा असलेली. पुढं १० प्रकारांची यादी झाली त्यातपण गरिबी नाही, उपासमार नाही, जात तर नाहीच. कोपीवर, म्हणजे फडाकडच्या झोपडीत वाढणाऱ्या ऊसतोड्याच्या पोराची दर हंगामाला शाळा तुटते, त्याचा स्कोअर, म्हणजे यादीतले किती प्रकार भोगले तो आकडा, शून्यपण येईल की. आणि एकेका माणसाचं भविष्य सांगायला हा स्कोअर वापरू नका, असं खुद्द अँडांनीच २०२० ला लिहिलंय.

नाईटड्युटी: बरोबर, स्कोअर म्हणजे कुंडली नव्हे.

करवीर_आजी: हवाई बेटांतल्या कौआईवर १९५५ ला जन्मलेली ६९८ मुलं एमी वर्नरबाईंनी मोठी होईपर्यंत बघितली. गरिबी, भांडणं, आजारी आईबाप असल्या धोक्यात वाढलेल्यांतली साधारण एक तृतीयांश चांगली निघाली, आणि त्यांच्यात कायम सापडलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं एक तरी मोठं माणूस, आजी असो, मावशी असो नाहीतर शिक्षक. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९०१ पासनं बोर्डिंगं काढली ती शिक्षणासाठी, पण खेड्यातनं आलेल्या पोराला वेळेवर जेवण आणि विचारणारं माणूस मिळालं हे काय कमी झालं?

ऊसपट्टा: आजी, उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय? 'एक माणूस पाहिजे' म्हटलं की सरकार मोकळं. आधी बापाची दारू सोडवायची सोय करा, ऊसतोड्यांच्या पोरांसाठीच्या साखरशाळा नीट चालवा.

शिवाजीपेठकर: बरं, मग वस्ताद कशात धरायचा? मारणाऱ्यात का जीव लावणाऱ्यात?

नाईटड्युटी: घरी जायला भ्यायलेलं पोरगं रात्री तालमीतच झोपत असेल आणि वस्ताद त्याला दूध पाजून झोपवत असेल तर जीव लावणाऱ्यात. मारलं की मारणाऱ्यातपण, ते काय वजा होत नाही.

शिवाजीपेठकर: वस्तादाचा मार वेगळा ओ. घरातल्याचं एकवेळ मान्य करतो, पण ह्याला त्या यादीत घातलेलं मी ऐकून घेणार नाही.