रानपिंगळा बघायला खानदेशात जायचंय. कुठं शोधू, कसा ओळखू?

कळंबाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुर्बीण घेऊन कळंबा तलावावर असतो. साधा पिंगळा रोजच्या ओळखीचा, गल्लीतल्या पिंपळाच्या ढोलीत जोडीच राहते. रानपिंगळा, म्हणजे त्याच्याच जातकुळीतलं जंगलातलं दुर्मिळ छोटं घुबड, मात्र फक्त चित्रात बघितलाय. आपल्याच राज्याच्या वरच्या टोकाला तो आहे आणि आपण अजून तिकडं फिरकलो नाही, हे मनाला लागून राहिलंय.

जानेवारीत चार-पाच दिवस रजा मिळेल. मेहुणे चोपड्याला असतात. त्यांनी शेतातल्या निंबावरचा एक फोटो पाठवलाय, खाली जोडतो. "हाच तुमचा रानपिंगळा" म्हणतात, पण मला खात्री वाटत नाही. तोरणमाळ, यावल की मेळघाट, कुठं जाऊ? आणि समोर बसला तर वेगळा कसा काढायचा? फोटोचा हट्ट नाही, नीट बघायला मिळाला की झालं.

धडगाव ते करवीर

दादा, फोटोतला पक्षी साधा पिंगळाच आहे. त्यानं मान वळवलीय ते बरं झालं, कपाळापासून मागंपर्यंत पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, तांदळाच्या कण्या उधळाव्यात तसे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. राखाडी-तपकिरी, ठिपके असले तरी इतके पुसट की लांबून दिसतच नाहीत. पाठही तशीच.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आंतरजिल्हा बदलीनं करवीर तालुक्यात येण्याआधी नोकरी धडगाव तालुक्यात होती, सातपुड्याच्या कुशीत. हा पक्षी मला शाळेच्या वाटेवर भेटलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोकं बघून झालं की लगेच पोट बघा. छातीवर गडद तपकिरी रंग जवळपास सलग असतो, कुशीला जाड आडवे पट्टे, आणि त्याखाली पोट एकदम स्वच्छ पांढरं. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तुटक तपकिरी खुणा पार खालपर्यंत जातात. रानपिंगळ्याचे पायही पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात, फांदीवर बसला की पायजमा घातल्यागत दिसतात. डोकं आणि चोच अंगाच्या मानानं मोठी. पंख नि शेपटीवर ठळक पट्टे. शेपूट आडवी झटकायची त्याला सवय आहे. ती झटकताना बघितली की माझी खात्री पटायची, पण तुम्ही नवखे आहात, तुम्ही आधी डोकं आणि पोटच बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. घुबड म्हणून रात्री बॅटरी घेऊन हिंडू नका. हा दिवसा वावरणारा पक्षी. थंडीत सकाळी ऊन अंगावर आलं की उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर उघडा बसतो. जानेवारीत सागाची पानं गळायला लागतात, तेव्हा तर सोपं. विरळ सागवान, मधे मोकळी जागा, खाली सरडे नि उंदीर, असं रान त्याला लागतं. त्यामुळं तोरणमाळला गेलात तर वर यशवंत तलावापाशी वेळ घालवू नका. शहाद्याहून घाट चढताना लागणाऱ्या उतारांवर थांबत थांबत जा, एकेक शेंडा दुर्बिणीनं तपासा.

आणि ओळखीवर मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. 1884 नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. मधली एक नोंद होती, 1914 ची, गुजरातमधल्या मांडवीची, पक्ष्यांचे नमुने जमवणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या नावावर. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तर ती खानदेशातच मिळालेली जुनी कातडी निघाली, लंडनच्या संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेली. म्हणजे जागा खोटी, तारीख खोटी. ती नोंद बाजूला काढली आणि खऱ्या जुन्या जागांच्या मागावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना तो जिवंत दिसला. एका खोट्या जागेनं शोध किती भरकटू शकतो बघा. म्हणून मेहुण्यांचा फोटो रानपिंगळा म्हणून कुठल्याही नोंदीत घालू नका, आणि त्यांनाही तसं सांगा. रागावणार नाहीत.

दाजीपूरची वाट

मास्तरांनी साध्या पिंगळ्याचं सांगितलंच, मी तिसऱ्याचं सांगतो, जंगल आउलेटचं. तिकडच्या रानात तोही आहे आणि घोटाळा होतो. त्याच्या डोक्यावर, पाठीवर, छातीवर सगळीकडं बारीक आडव्या रेघा असतात. डोकं गोल, भुवया ठळक नाहीत, उडाला की पंखात तांबूस रंग चमकतो. याचा सराव आपल्याकडंच होतो. जायच्या आधी एक पहाट राधानगरीच्या बाजूला काढा. हळू सुरू होऊन भराभर चढत जाणारा आवाज आला की तोच. हा डोळ्यात आणि कानात पक्का बसला की तिकडं गेल्यावर अर्धी शंका मिटते.

वऱ्हाडी पाखरू

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरा, गाडी बदलायची गरज नाही. चोपड्याला जायचं तर जळगावला उतरून एसटी. मेळघाटात यायचं तर तीच गाडी पुढं बडनेऱ्याला येते, तिथून परतवाडा मार्गे सेमाडोह. मेळघाटात हा पक्षी चांगल्या संख्येनं आहे, पण व्याघ्र प्रकल्प असल्यानं गेट, परवाना, गाडी, गाइड, सगळं ठरलेलं. पायी हिंडायची हौस असेल तर तुमच्यासाठी खानदेशच बरा. मेहुणे आहेत म्हणजे मुक्कामाचीही सोय झाली. यावल अभयारण्य चोपड्याहून जवळ, पण रजा थोडी असेल तर सगळी एकाच जागी घाला.

कळंबाकाठ

सगळ्यांचे आभार. मग तोरणमाळच नक्की करतो. मास्तर, अजून एक विचारतो. एकजण म्हणाला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की पक्षी समोर येतो. वाजवू का? आणि तिथल्या लोकांना विचारलं तर चालेल का, घुबडाचं नाव काढलेलं आवडत नाही म्हणतात.

धडगाव ते करवीर

आवाज अजिबात वाजवू नका. थंडीत त्याची वीण चालू असते. दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून तो ढोली सोडून भांडायला येतो, तेवढा वेळ अंडी-पिल्लं उघडी. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतातल्या काही तुकड्यांत उरलाय, आपण त्याची एक वीण घालवायची का? त्याचा स्वतःचा आवाज ऐकून ठेवा, मऊ, बासरीच्या वळणाचा. साधा पिंगळा कचाकचा भांडल्यागत ओरडतो तसा नाही.

लोकांना जरूर विचारा, पण घुबड म्हणून विचारू नका. पावरा नि भिल्ल पाड्यांवर घुबडाची धास्ती आहे, जादूटोण्यापायी ती मारलीही जातात, त्यामुळं अनोळखी माणसानं विचारलं की समोरचा गप्प होतो. छापील चित्र सोबत ठेवा, गुरं राखणाऱ्या पोरांना दाखवा आणि "दिवसा शेंड्यावर बसणारा" एवढंच म्हणा. माझ्या वर्गातली चौथीची पोरं कुठल्या झाडावर कुठला पक्षी बसतो ते न चुकता सांगायची. फक्त ढोली दाखवायचे पैसे कुणालाही देऊ नका. आज तुम्ही दिलेत की उद्या दहा कॅमेरे त्या झाडाखाली उभे राहतात. आणि ढोली दिसली तरी तिची जागा इथं लिहू नका, तालुक्याचं नाव पुरे.

शहाद्याला पोचलात की आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन कुठल्या भागात फिरायला परवानगी आहे ते विचारा. मेहुण्यांना बरोबर घ्याच. त्यांच्या निंबावरचा आणि सागाच्या शेंड्यावरचा, दोन्ही त्यांनी लागोपाठच्या दिवशी बघितले की पुढच्या वेळी चोपड्याकडून येणाऱ्या फोटोंवर आपल्याला विश्वास ठेवता येईल.