दुबईत घर कुठं बघावं? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतले, मिस्टरांना दुबईत नोकरी लागलीय, ऑफिस जेएलटीत (जुमेरा लेक्स टॉवर्स) आणि मुलगी चौथीत, पण राहायला दुबईतलं करामा, अल कुसैस की शेजारचं शारजा काही ठरेना झालंय. करामातनं रेड लाईन मेट्रो थेट जाते, किराणा-भाजी आपल्यासारखी मिळते, पण बिल्डिंगा जुन्या आणि पार्किंगची बोंब म्हणतात. अल कुसैसला इंडियन शाळा जवळ, पण ग्रीन लाईन, मधे गाडी बदलायची. शारजात भाडं कमी पण मेट्रो नाही आणि ट्रॅफिक फार, लेक झोपल्यावरच बाबा घरी येणार असतील तर काय उपयोग, माझं मन तिकडं नाहीच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं कोण तिथं राहतंय का? भाड्याचे चेक किती भागात देता येतात तेही सांगा, वर्षाचं एकदम भरायला जमणार नाही.