सुरक्षा की सुरक्षितता?

ऐरोलीकर: लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तारापूरच्या अणुवीज केंद्रावर तक्ता करतोय. अणुऊर्जा नियामक मंडळाचं काम लिहिताना अडलो. 'सेफ्टी'ला सुरक्षा म्हणू की सुरक्षितता? मी आधी सुरक्षा लिहिलं, तर लेक म्हणते, "बाबा, म्हणजे गेटवरचे वॉचमनकाका?" त्यांच्या शर्टाच्या पाठीवर खरंच 'सुरक्षा' छापलंय.

वाशीची ताई: लेकीचं बरोबर आहे, दादा. केंद्रात काही बिघडलं तर कामगारांना आणि आसपासच्या गावांना इजा होऊ नये, ही सुरक्षितता. केंद्रात कोणी घुसू नये, काही चोरीला जाऊ नये, ही सुरक्षा. ती बघायला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असतं. जपानचं फुकुशिमा अणुकेंद्र आठवा. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण अणुभट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, इंधन थंड ठेवणं जमेना, ते वितळलं. तिथे पहारेकरी काय करणार?

बेलापूरचे काका: फरक पटला, पण लोकांच्या तोंडी तो कुठे आहे? ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत ४ मार्चला 'सुरक्षा दिन' असतो आणि तो अपघात टाळण्यासाठीच. तो पाळायला लावणारी, १९६६ ची संस्था इथे बेलापुरात आहे, राष्ट्रीय सुरक्षा परिषद. त्याच नावाची दुसरी दिल्लीत, ती देशाच्या संरक्षणाचं बघते! २००६ चा अन्न सुरक्षा कायदा भेसळीविरुद्ध, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा स्वस्त धान्यासाठी. शब्द एकच.

वाशीची ताई: काका, 'रस्ता सुरक्षा' चालून जातं, कारण रस्त्याला कोणी पहारा देत नाही. अणुकेंद्रात दोन्ही कामं एकाच कुंपणाच्या आत चालतात, म्हणून तिथे शब्द वेगळे हवेतच. हिंदीत सेफ्टीला 'संरक्षा' म्हणतात, रेल्वेमुळे आपल्याही कानावर पडतो. मराठीत तो आणू नये असं माझं ठाम मत. आपल्याकडे संरक्षण म्हटलं की सैन्यच डोळ्यांपुढे येतं.

ऐरोलीकर: आणि नियामक की नियंत्रक?

वाशीची ताई: नियामकच. नियंत्रण चालवणाऱ्याच्या हातात, म्हणजे न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनच्या. १९८३ साली नेमलेलं मंडळ भट्टी चालवत नाही, ते परवानगी देतं, तपासतं, मर्यादा घालतं. कामगाराला वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) जास्त किरणोत्सर्ग लागता कामा नये, आणि पाच वर्षांत मिळून १०० पेक्षा जास्त नाही, हा त्यांचाच नियम.

ऐरोलीकर: तक्ता बदलला. 'सुरक्षितता' मोठ्या अक्षरांत, त्याखाली भट्टी आणि पाण्याचे पाइप. 'सुरक्षा' कोपऱ्यात, तिथे लेकीने वॉचमनकाका काढलेत. तारापूर ठाणे जिल्ह्यात लिहिलं होतं, तेही खोडलं. २०१४ पासून पालघर.