चर्चा : संगणक क्षेत्रात शिरताना आधी पदवी की आधी अप्रेंटिसशिप?

मूळ मांडणी (सॉफ्टवेअर अभियंता, अंबड, नाशिक)
पदविकेचा निकाल लागला की ओळखीतले पालक विचारतात, मुलीला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घालावे, की वर्षभर शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून कंपनीत पाठवावे? माझे मत आहे, पाठवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयटीआयची मुले उमेदवारी करूनच फिटर, टर्नर म्हणून तयार झाली. संगणकाच्या कामाला तोच न्याय का नसावा?

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या दिंडोरीच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात मी डेटाबेसचा बॅकअप घ्यायला सांगितले. फाइल तयार झाली आणि तिने काम झाल्याचे कळवले. मग मी तीच फाइल रिकाम्या सर्व्हरवर उतरवायला लावली, तेव्हा अर्धी टेबले आलीच नाहीत, कारण बॅकअप चालू असताना डिस्क भरली होती आणि लॉगमधली, म्हणजे संगणकाने कामाच्या ठेवलेल्या नोंदीतली, ती ओळ तिने वाचलीच नव्हती. आता ती आधी लॉग उघडते. हे पुस्तकातही असते, पण अंगवळणी पडायला शेजारी बसून विचारणारे कोणीतरी लागते.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड)
मी असहमत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे सरसकट बंधन मालकावर नाही. 2019 च्या नियमांनी पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन महिना 8,000 रुपये ठरवले. सिडकोत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने त्यात खाणावळ आणि प्रवास कसा भागवायचा? शिवाय आज शिकलेले साधन पाच वर्षांत बदलते. डेटा स्ट्रक्चर (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती), ऑपरेटिंग सिस्टिम आणि गणित मात्र टिकते, आणि त्यासाठी लागणारी सलग बैठक कंपनीच्या धावपळीत मिळत नाही. ज्या घरात पदवीपर्यंत कोणी पोहोचलेले नाही, तिथे एकदा सुटलेले शिक्षण बहुधा सुटतेच, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

प्रतिसाद (पदविकाधारक, सिन्नर)
सरांचे म्हणणे मी भोगले आहे. शहरातल्या एका कंपनीत वेब डेव्हलपमेंटची अप्रेंटिसशिप म्हणून मी रुजू झालो आणि अकरा महिने पुरवठादारांची बिले एक्सेलमध्ये भरत राहिलो. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाच नव्हता, हे प्रमाणपत्र मागायला गेलो तेव्हा समजले. ताई, तुमच्यासारखे शिकवणारे सगळीकडे असते, तर वादच नव्हता.

मूळ लेखिकेचे उत्तर
तुमच्यावर अन्याय झाला, आणि माझ्या मांडणीत ही बाजू यायला हवी होती. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. काही ठिकाणी केवळ तो आकडा भरायचा म्हणून मुले घेतली जातात. म्हणून रुजू होण्याआधी कराराची नोंदणी पाहावी, प्रशिक्षणाचा आराखडा लेखी मागावा आणि रोज शिकवणार कोण, त्या माणसाचे नाव विचारावे. नाव सांगता येत नसेल, तर तिथे जाऊ नये.

सर, विद्यावेतन तुटपुंजे आहे, हे मान्य. पण पदविकेची गुणपत्रिका वर्षभराने शिळी होत नाही. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पुढच्या वर्षीही मागता येतो. आणि ज्याला कमावतच शिकायचे आहे, त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्याच नाशकात आहे.

प्राध्यापकांचा प्रतिसाद
लेखी आराखड्याची अट मला पटते. तरी दिवसभर कंपनीत राबून रात्री पदवीचा अभ्यास निभावणारी मुले थोडी असतात, आणि सगळ्यांना सल्ला देताना त्या थोड्यांकडे पाहून देऊ नये. माझ्या मते पदवीच्या शेवटच्या वर्षानंतर उमेदवारी करावी. तेव्हा विद्यावेतनही अधिक मिळते आणि काय शिकवले जात नाही, हे मुलाला स्वतःला ओळखता येते.

प्रतिसाद (पदविकाधारक, सिन्नर)
सोमवारी सातपूरला माझी दुसऱ्या उमेदवारीसाठी मुलाखत आहे. पदवीचा अर्जही भरून ठेवला आहे. शिकवणाऱ्याचे नाव विद्यावेतनाच्या आधी विचारेन, आणि जे उत्तर मिळेल ते इथे कळवेन.