मदत हवी आहे : ऋतू बदलताना घरातला निवांत दिवस

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी कुठेही जायचं नाही, घरीच राहायचं असं पक्कं ठरवलंय. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि याच सुमारास दिवसाची लांबी सर्वांत झपाट्याने बदलते. खिडकीतलं ऊन मागच्या महिन्यात उंबऱ्याशीच थांबायचं, आता आत सरकत खुर्चीच्या पायापर्यंत पोचलंय. ते बघत बसायला मला फार आवडतं.

अडचण दुपारची. जेवल्यावर डोळा लागतो तो दोन तास, उठल्यावर डोकं जड. २० मिनिटांची डुलकी पुरते म्हणतात, पण गजर लावला की निवांतपणाच जातो. तुम्ही काय करता? आणि दिवसभर फोन बंद ठेवत असाल, तर घरच्यांना आधी काय सांगून ठेवता?